पाच कोऱ्या कॅसेटी : मालवणातल्या एका हरवलेल्या पायलटच्या नोंदी

३ नोव्हेंबर

पाऊस गेला, हवा कोरडी व्हायला लागली, म्हणून काम आता हातात घेतलंय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे मालवणात एका विनोदी टीव्ही मालिकेचा पायलट, म्हणजे मंजुरीसाठी दाखवायचा नमुना भाग, शूट झाला होता. इथल्या हौशी नाटकवाल्यांनी मुंबईच्या एका निर्मात्याला धरून केलेला. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आणि ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाल्या, त्यानंतर प्रायोजित मालिकांचं वारं सगळीकडेच सुटलं होतं. तेरा भाग मंजूर झाले की गंगेत घोडं न्हालं, असा हिशेब. आपल्या खळ्यात (अंगणात) रोज जे घडतं ते टीव्हीवरच्यापेक्षा काय कमी आहे, असं इथल्या मंडळींना वाटलं असेल तर नवल नाही.

पायलट पूर्ण झाला, मालिका झाली नाही. निर्मात्याचे पैसे मध्येच आटले. तेव्हापासून त्याच्या गोष्टीच ऐकत आलो, आता त्याची एखादी प्रत शोधायची. ज्याला त्याला त्यातला एकच प्रसंग आठवतो आणि प्रत्येकाचा प्रसंग वेगळा.

मालिकेचं नाव इथे लिहीत नाही. हक्कांचं मिटेपर्यंत ते बाहेर काढू नका, असं लेखकाच्या मुलीने सांगितलंय. रास्त आहे.

७ नोव्हेंबर

आधी मोठी माणसं धरली. निर्माता वारला, त्याचं ऑफिस केव्हाच बंद झालं, तिथल्या टेप भंगारात की कुठे हे त्याच्या पुतण्यालाही सांगता येईना. दिग्दर्शकांचं घर दोनदा बदललं, दुसऱ्या वेळी माळ्यावरचं सगळं काढून टाकलं. प्रमुख नट पुण्यात मुलाकडे असतात. फोनवर तासभर बोलले, अख्खे संवाद म्हणून दाखवले, पण कॅसेट? “माझ्याकडे कशाला असेल, मी तर काम केलं होतं!”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

कॅमेरामन म्हणाले, शूटिंग यू-मॅटिकवर होतं. पाऊण इंची रुंद टेप, जाडजूड कॅसेट. सोनीने १९७१ मध्ये आणलेला हा प्रकार आपल्याकडे बातम्या आणि मालिकांसाठी वर्षानुवर्षं चालला. टेप महाग, त्यामुळे काम फसलं की त्याच टेपवर दुसरं काम चढायचं. मास्टर, म्हणजे मूळ टेप, शाबूत असेल ही आशा त्यांनी तरी ठेवलेली नाही.

१२ नोव्हेंबर

रात्री ‘आय लव्ह लूसी’ या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेच्या पायलटबद्दल वाचत बसलो. वरवर ठाऊक होतं, तपशील आज नीट कळले.

तो पायलट २ मार्च १९५१ रोजी हॉलीवूडमध्ये झाला. नायक देसी अर्नाझचा त्या दिवशी चौतिसावा वाढदिवस. नायिका ल्युसिल बॉल, त्याची खरीखुरी बायको, गरोदर, म्हणून तिला ढगळ कपड्यांत वावरायला लावलंय. फ्रेड आणि एथेल ही शेजारची जोडी त्यात नाहीच, ती नंतर आली. कार्यक्रम किनेस्कोपवर धरला होता, म्हणजे मॉनिटरच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून केलेलं चित्रण. मालिका पुढे १५ ऑक्टोबर १९५१ पासून सुरू झाली, ती ३५ मिमी फिल्मवर, तीन कॅमेरे लावून, समोर प्रेक्षक बसवून. नवरा-बायकोने मानधन कमी घेतलं आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. मालिका टिकली याचं अर्धं श्रेय त्या सौद्याला. पायलट मात्र सौद्याच्या आधीचा, त्याला वाली कोणी नाही. पुढची जवळपास चाळीस वर्षं तो गेला असंच सगळे धरून चालले होते.

मिळाला तो पेपीतो पेरेझ या स्पॅनिश विदूषकाच्या घरी. पायलटमध्ये तो पाहुणा कलाकार होता. काम केल्याबद्दल आभार म्हणून देसीने त्याला एक प्रत दिली होती. पेपीतो गेला, प्रत घरातच राहिली आणि ती त्याच्या बायकोच्या पलंगाखाली सापडली. सीबीएस या अमेरिकन वाहिनीने ३० एप्रिल १९९० ला ती दाखवली. सूत्रसंचालन कोणाचं, तर लूसी अर्नाझचं. ही तीच मुलगी, जी पायलटच्या वेळी आईच्या पोटात होती. जन्म १७ जुलै १९५१. ल्युसिल बॉल मात्र आदल्याच वर्षी एप्रिलमध्ये गेली होती.

१३ नोव्हेंबर

कालचं डोक्यातून जात नाही. ज्याचा मान मोठा त्याला प्रत लागत नाही, तो म्हणतो मी केलंय की. प्रत जपतो तो बाजूचा माणूस, ज्याला आयुष्यात एकदाच टीव्हीत दिसायला मिळालं. म्हणजे मी नटांना आणि निर्मात्याच्या पुतण्याला फोन लावत बसण्यात अर्थ नाही.

बीबीसीचीही तीच तऱ्हा. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी ढिगाने टेप पुसल्या. त्यांच्या ‘डॅड्स आर्मी’ या गाजलेल्या विनोदी मालिकेचे १९६९ चे दोन भाग २००१ मध्ये परत मिळाले, ते कोणीतरी कचऱ्यातून उचलून बागेतल्या शेडमध्ये ठेवलेल्या डब्यांतून. ‘डॉक्टर हू’ या विज्ञान-मालिकेचे नऊ भाग २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्राच्या फडताळातून आले. मुख्यालयात नाही, पण जिथे कोणी आवरायला गेलं नाही तिथे आहे.

१५ नोव्हेंबर

दिग्दर्शकांच्या बहिणीकडे खर्चाची वही निघाली. लाल कापडी पाठीची, दुकानात उधारीला असते तशी. टेम्पो, जेवण, पेट्रोमॅक्सचं भाडं, नारळ (मुहूर्ताचा), पुन्हा नारळ (कशाचा ते लिहिलेलं नाही). पुढे माणसांची नावं आणि समोर रक्कम. त्यात काही नावांपुढे रक्कम नाही, नुसती आडवी रेघ. ज्यांच्या घरात शूटिंग झालं ते कुटुंब, मेकअपवाले, होडीवाले तात्या, एका प्रसंगात राजाचं सोंग घेऊन आलेले दशावतारी कलाकार आणि पेटीवाले. पैसे न घेणारी माणसं ती हीच.

शेवटून दुसऱ्या पानावर, शूटिंग संपल्यानंतरच्या तारखेला : “कोऱ्या व्हीएचएस कॅसेटी ५ नग.”

रेघा पाच, कॅसेटी पाच. आता अजून काय पाहिजे?

२३ नोव्हेंबर

दशावतारी कलाकारांच्या घरी काही नाही. ते स्वतः गेले, मुलगा म्हणाला पुराच्या साली घरात पाणी शिरलं तेव्हा खालच्या खोलीतलं सगळं फेकलं. जत्रांचा हंगाम सुरू झालाय, मुलगाही आता सोंगं करतो, रात्रभर जागून आलेला. जास्त बोलणं बरं दिसेना.

४ डिसेंबर

मिळाली. म्हणजे अर्धीमुर्धी मिळाली.

शूटिंग झालं ते घर शहराबाहेर वाडीत आहे. काकी एकट्याच असतात. आधी चहा, मग खटखटे लाडू, मग मी कोणाचा कोण याची चौकशी, मग कपाट. लग्नं, साखरपुडे, एक सत्यनारायण, सगळ्यांवर बॉलपेनने नावं. पायलट कुठेच नाही. मग काकींनीच आठवण काढली की झिलाच्या (मुलाच्या) बारशाच्या कॅसेटीत “शेवटाक कायतरी आमच्या खळ्यातला दिसता, माका वाटला शूटिंगवाल्यानच घातल्यान.”

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक टिकली असते. ती मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. इथे ती शाबूत होती. भेट मिळालेल्या कॅसेटवर काही वर्षांनी घरच्यांनी बारसं चढवलं. त्यांना दोष कसला द्यायचा? तेव्हा कोऱ्या कॅसेटीला कणकवलीला जावं लागायचं आणि बारसं काही थांबत नाही.

५ डिसेंबर

स्वतःच्या मशीनवर लावून बघितली. पाळणा, पेढे, नाव ठेवताना आत्याच्या पाठीवर बुक्क्या, हे सगळं सहा-एक मिनिटं. मग चित्र जातं, दोनेक सेकंद नुसत्या मुंग्या आणि एकदम दुपारचं ऊन, तेच खळं, मध्ये दोरीवर वाळत घातलेलं धोतर आणि कोणीतरी ओरडतंय.

मुंग्या येतात त्याचं कारण मला नेहमी मजेशीर वाटतं. व्हीसीआरमध्ये जुनं पुसणारं हेड नवीन चित्र चढवणाऱ्या फिरत्या ड्रमच्या थोडं अलीकडे असतं. रेकॉर्डिंग बंद केलं त्या क्षणी दोन्हींच्या मधली टेप पुसून झालेली असते, पण तिच्यावर नवीन काही चढलेलं नसतं. तेवढी टेप ना बारशाची, ना पायलटची.

पहिली सहा मिनिटं गेली ती गेली. उरलेला पायलट सलग आहे.

११ डिसेंबर

आज शांतपणे पाहिला. गोष्ट साधी : पुण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला कारकून मालवणात खोली शोधतो. पहिला मोठा प्रसंग घरमालकिणीचा. कारकून भाडं विचारतो आणि ती दुखावते.

“भाडा? ह्यां काय बोलतास! घर तुमचाच. फक्त तुमच्याच घराक तुम्ही म्हयन्याच्या पयल्या तारखेक थोडे पैशे देवक व्हये, इतक्यांच.”

ते बोलताना बाईंचा हात तांदूळ निवडत असतो आणि थांबत नाही. नजरही सुपातच. ‘थोडे पैशे’ म्हणताना मात्र एक खडा उचलून कारकुनाच्या पायाशी टाकतात. हे दिग्दर्शकाने सांगितलं नसणार. या बाई नाटकात कधी नव्हत्या. ज्या काकींकडे कॅसेट मिळाली त्यांच्या सासूबाई त्या. ठरलेली नटी आली नाही म्हणून उभ्या केल्या, ही माहिती काकींचीच.

बाकी सगळंच काही ग्रेट नाही, हेही लिहून ठेवतो. होडीचा प्रसंग ताणलाय, कारकून पुणेरी वाटावा म्हणून नाकात बोलतो ते दुसऱ्या मिनिटाला कंटाळवाणं होतं आणि शेवटी राजाच्या सोंगातला कलाकार बँकेत खातं उघडायला येतो तिथे लेखकाला थांबता आलेलं नाही. तरी ते सोंग आत येतं, रांगेत उभं राहतं आणि मुकुट काढून काखेत धरतं, तेवढं फार छान.

१९ डिसेंबर

आवाजाचा प्रश्न. खळ्याच्या कडेला शेजारपाजार जमलेला होता आणि ते सगळे हसतात. अगदी मोठ्याने. एका ठिकाणी कॅमेऱ्याच्या मागून “गप रवा रे मेल्यांनो!” असं स्पष्ट ऐकू येतं. दिग्दर्शकच ते. एडिटिंगमध्ये त्यांनी तो टेक ठेवला, कारण दुसरा नसावा.

चुलतभावाचं म्हणणं, सॉफ्टवेअरने हे साफ करता येईल. येईलही. पण ‘लूसी’ची टीम मुद्दाम प्रेक्षक बोलावून त्यांचं हसू रेकॉर्ड करायची, इथे ते फुकट मिळालंय. मुळात ते लोक घरमालकिणीला हसताहेत तसं कारकुनाला हसत नाहीत, हीसुद्धा माहितीच झाली. काहीही काढायचं नाही. संरक्षित प्रतीत तर नाहीच, दाखवायच्या प्रतीतही नाही.

२ जानेवारी

पेटीवाल्यांकडे कॅसेट होती, ती लग्नाच्या वेळी कोणीतरी नेली, परत आली नाही. ‘कोणीतरी’चं नाव काढतोय.

होडीवाल्या तात्यांची मुलगी वसईला असते. तिचा नंबर मिळवायचा आहे.

९ फेब्रुवारी

आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईकर आले, त्यात मेकअपवाल्यांचा मुलगा. पिशवीतून कॅसेट काढून हातात ठेवली. “बाबांनी ही कोणाला हात लावू दिली नाही.” टिकली मोडलेली. म्हणजे सुरुवात शाबूत असणार. पण कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी. बुरशी. किनाऱ्यावरच्या घरात चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपाट भिंतीला चिकटलेलं. दुसरं काय होणार?

अशी टेप चांगल्या मशीनमध्ये कधीही घालू नये. बुरशी हेडवर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, शिवाय चिकटलेले वेटोळे सुटताना टेप फाटते. कॅसेट ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली आहे. आत छोटा आर्द्रतामापक. आकडा पन्नास टक्क्यांच्या खाली येऊन तिथे टिकला की पुढचं.

२१ फेब्रुवारी

आज साफ केली. घरात नाही, मागच्या पडवीत, तोंडाला मास्क लावून. ही भुकटी छातीत गेलेली बरी नव्हे.

खालचे पाच स्क्रू, मग कॅसेट उताणी करून वरचं कवच अलगद उचलायचं. दोन रिळं, मध्ये ब्रेकच्या इवल्याशा स्प्रिंगा. त्या उडाल्या की शोधत बसा, म्हणून खाली पांढरी चादर. टेपच्या कडा कोरड्या मऊ ब्रशने, घराबाहेरच्या दिशेला. मग टेप हाताने फिरवत दुसऱ्या रिळावर घेताना धागे न सुटणाऱ्या कापडातून ओढायची, कापडाला ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका ओलावा. हलकाच. कापडाचा भाग सतत बदलायचा. पहिल्या काही फेऱ्यांत कापड राखाडी झालं, नंतर स्वच्छ यायला लागलं. साधारण मध्यावर टेप एका बाजूने चुरगळलेली निघाली, जुन्या मशीनने कधीतरी खाल्लेली. ती तशीच सरळ केली, कापली नाही. शेवटी रिळं धुतलेल्या दुसऱ्या कवचात बसवली.

२२ फेब्रुवारी

बळी द्यायला ठेवलेल्या मशीनवर आधी चालवली. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे बळीचं मशीनसुद्धा आता जपावं लागतं. दर काही मिनिटांनी थांबवून ड्रम पुसला.

पहिली सहा मिनिटं आहेत. सगळी.

पुठ्ठ्यावर हाताने रंगवलेली शीर्षकं, समुद्रावर पॅन होणारा कॅमेरा, मागे पेटी. मग एसटी स्टँड. कारकून ट्रंक घेऊन उतरतो आणि समोर जो भेटेल त्याला पत्ता विचारतो. प्रत्येक जण पत्ता सांगायच्या आधी त्याचं कूळ विचारतो. तिथेच मला पायलट खरा कळला, कारण शेवटच्या प्रसंगात राजाच्या सोंगाला बँकेत नेमके तेच प्रश्न कारकून विचारतो. सुरुवातीशिवाय तो शेवट उगाच वाटत होता. लेखकाला थांबता आलेलं नाही असं मी डिसेंबरात लिहिलंय. थोडं कमी ताणलं असतं तरी चाललं असतं, पण जागा बरोबर होती.

१ मार्च

दोन्ही प्रती उतरवल्या. व्हीसीआर, पुढे थरथरतं चित्र स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर, मग संगणकातलं कॅप्चर कार्ड. फाइल एफएफव्ही१ या प्रकारात, कारण त्यात आकसताना काही गळत नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीची सेकंदाला २५ फ्रेमची, ५० फील्डची मूळ रचना तशीच ठेवली. फ्रेमच्या तळाला हेड बदलतानाची जी वाकडी रेघ येते तीही संरक्षित प्रतीत राहू दिली. दाखवायच्या प्रतीत कापू.

जोडणी अशी : सुरुवातीची सहा मिनिटं आणि त्यापुढचं थोडं मेकअपवाल्यांच्या कॅसेटवरून, चुरगळलेला भाग आणि शेवटपर्यंत काकींच्या कॅसेटवरून. रंग जुळत नाहीत. मेकअपवाल्यांच्या टेपवरचा लाल रंग पसरलाय, काकींच्या टेपवर सगळं किंचित हिरवट. थोडं सारखं केलं, पार एक करायचा प्रयत्न सोडून दिला. जोड कुठे आहे ते पाहणाऱ्याला दिसलं तरी चालेल.

एका संध्याकाळी वीज तीनदा गेली, त्यानंतर सगळं इन्व्हर्टरवर.

८ मार्च

हक्कांचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘चित्रपट’ या शब्दात व्हिडिओवरचं चित्रीकरणसुद्धा येतं, पहिला मालक निर्माता आणि मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. कथा-संवादांचा हक्क वेगळा, तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पुतण्याने कागदावर सही दिली, एका अटीवर की काकाचं नाव शीर्षकात आहे तसंच राहील. ते पुठ्ठ्यावरच रंगवलंय, काढणार कोण? लेखकाच्या मुलीने घरच्यांना आणि त्यात काम केलेल्यांना दाखवायला हो म्हटलंय, इंटरनेटवर टाकायला अजून नाही. तिला आधी स्वतः पूर्ण पाहायचा आहे. वडिलांनी लिहिलेलं तिने फक्त कागदावर वाचलेलं.

फाइल तीन ठिकाणी : माझ्याकडे, पुतण्याकडे मुंबईत आणि काकींकडे. काकींनी हार्ड डिस्क हातात घेऊन विचारलं, “ह्येच्यार कोण बारसा तर घालूचो नाय मां?”

१४ मार्च

प्रमुख नटांना पुण्याला खासगी लिंक पाठवली. पाहून फोन आला. घरमालकिणीचा प्रसंग त्यांना आठवत होता त्यापेक्षा बराच लांब आहे आणि त्यांचा स्वतःचा प्रसंग बराच आखूड, अशी तक्रार.

तात्यांच्या मुलीचा वसईचा नंबर मिळाला. तिच्याकडे एक कॅसेट आहे, व्हीसीआर नाही. शिमग्याच्या सुट्टीनंतर ती गावी कोणाच्या तरी गाडीने पाठवणार आहे. एसटीच्या पार्सलने नको म्हणून सांगितलंय. पेटीवाल्यांची कॅसेट नेणाऱ्या ‘कोणीतरी’चं नावही कळलं, तो वेंगुर्ल्याला असतो. दोन्ही आल्या तर चुरगळलेल्या भागासाठी आणखी एक चांगली प्रत तपासता येईल. पावसाच्या आत.